भाच्याचे शेअर आणि माझं मशीन

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), तीन-चार सीएनसी लेथ आणि वडिलांच्या वेळचा एक जुना लेथ, जो अजून चालतो. रोजची भाकरी गाड्यांच्या पार्ट्सवर निघते. त्याशिवाय पुण्याच्या एका कंपनीला आम्ही ॲल्युमिनियमची हाउसिंग आणि ब्रॅकेट करून देतो. ती कंपनी आणखी मोठ्या कंपनीला देते आणि तो माल शेवटी संरक्षण खात्याकडं जातो. आमचा तुकडा नेमका कशात बसतो ते आम्हाला कुणी सांगत नाही, ड्रॉइंगवर नुसता नंबर असतो. पण तो नंबर मशीनवर लागला की शॉपमधली पोरं जरा जास्त जपून हात लावतात, हे मी पाहिलेलं आहे.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरनंतर, त्यानं डिफेन्सचे शेअर घेतले. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, तुम्ही स्वतः ह्या लाइनमध्ये हाव आणि तुमच्याकडं एकबी शेअर नाही? काय करायलाव ओ तुम्ही?" फराळाच्या ताटावर सांगून होण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून इथं लिहितोय.

शेअर बाजार भाव करतो तो घोषणेचा. आम्हाला पैसे मिळतात ते माल पास झाल्यावर. या दोन्हींच्या मधे जो काळ जातो तो किती लांबायचा, हे राजकारण ठरवतं. आपल्या देशातलं आणि परक्या देशातलंही. आणि तो काळ तग धरून काढायचा खर्च सगळ्यात खालच्या पायरीवर असलेल्या शॉपवर पडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते नुसतं असं सांगून पटत नाही.

एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, मार्च २०१८ मध्ये बाजारात आली तेव्हा शेअर १,२१५ रुपयांना दिला होता. इश्यू पूर्ण भरलासुद्धा नाही. साध्या गुंतवणूकदारांनी पाठच फिरवली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला. २०२३ मध्ये एका शेअरचे दोन झाले आणि जुलै २०२४ मध्ये त्यातला एकेक ५,६०० च्या वर गेला. म्हणजे सहा वर्षांत जवळपास नऊपट. आता दुसरी बाजू बघा. त्या ८३ मधलं पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत हवाई दलाला मिळायचं होतं. मिळालं नाही. विमानाचा सांगाडा तयार होता, इंजिन नव्हतं.

इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं, एफ-४०४. ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, ७१६ दशलक्ष डॉलरची. पण त्या कंपनीनं या इंजिनाची लाइन मधल्या काळात बंद केलेली होती, कारण नवीन मागणीच नव्हती. ती पुन्हा उभी करण्यात वर्षं गेली आणि पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये दिलं गेलं. त्याआधी महिनाभर, बंगळूरच्या एअरो इंडियात, हवाई दलप्रमुखांनी विमानांच्या विलंबाबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली होती. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, ४२, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर हातात उरल्या २९.

पण बंद पडलेली लाइन पुन्हा चालू करणं म्हणजे काय, हे टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांना कळत नाही असं मला वाटतं. बटण दाबलं आणि सुरू झालं, असं ते नसतं. मशीनवर जॉब लावून देणाऱ्या ज्या सेटरला त्या जॉबची खोड माहीत होती तो दुसरीकडं गेलेला असतो. जॉब पकडायचं फिक्स्चर कुठल्यातरी रॅकवर गंज खात पडलेलं असतं. खास कोटिंग करून देणारा छोटा माणूस धंदा बंद करून बसलेला असतो. प्रोग्राम असतो, पण त्यातला तो एक ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, का टाकला होता हे कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. मग पुन्हा पहिला पीस, पुन्हा फर्स्ट आर्टिकलची, म्हणजे त्या पहिल्या नगाची, तपासणी, पुन्हा मंजुरी. आमच्यासारख्या शॉपमध्ये एखादा जॉब दोन वर्षांनी परत आला तर आठवडे जातात. तिथं तर लढाऊ विमानाचं इंजिन आहे.

ज्या एचएएलचा शेअर भाच्यानं घेतला तिची मुहूर्तमेढ एका सोलापूरकरानं रोवली, हे त्याला माहीत नव्हतं. वालचंद हिराचंद दोशी. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. आम्ही त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलो, अशोक चौकातून जाता-येता तो बोर्ड रोज बघितला, पण त्यांनी विमानाचा कारखाना काढला होता हे मलासुद्धा नोकरीला लागल्यावर कळलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. आधी इंग्रज सरकारला हिंदुस्थानात विमानं बनवण्यात काही रस नव्हता. युद्धाची गरज आली तेव्हा दार किलकिलं झालं. म्हैसूर संस्थानानं जमीन दिली, २५ लाख रुपये घातले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. १९४१ मध्ये तिथून पहिलं हार्लो ट्रेनर विमान उडालंही. त्याच वर्षी सरकार भागीदार झालं. पुढं जपान युद्धात उतरला, धोका पूर्वेकडून जवळ आला आणि १९४२ मध्ये सरकारनं कारखाना पुरता ताब्यात घेतला. वालचंदांचा हिस्सा विकत घेतला गेला. विमानं बनवणं बाजूला पडलं आणि तिथं अमेरिकन विमानांची दुरुस्ती सुरू झाली. याच कंपनीतून पुढं १९६४ मध्ये आजची एचएएल झाली.

मी हा इतिहास अभिमानानं सांगतोच, पण तो एवढ्यासाठीही सांगतो की या धंद्याचा स्वभाव पहिल्या दोन वर्षांतच दिसून आला होता. मंजुरी राजकारणानं दिली, ऑर्डर राजकारणानं दिली आणि मालकीही राजकारणानंच काढून घेतली. साखर, बांधकाम, जहाजं यात मुरलेला एवढा मोठा उद्योगपती, पण इथं ग्राहक एकच होता आणि तो सरकार होता.

महाराष्ट्राच्या वाट्याला जे आलं तेही अशाच वळणावर आलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपले आजोबा-पणजोबा छाती फुगवून सांगायचे. त्यांच्याच काळात नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. तिथं मिग-२१ झाली, नंतर सुखोई झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथं बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. एक माणूस योग्य खुर्चीत होता म्हणून साठ वर्षं एका जिल्ह्यातल्या कितीतरी शॉप्सना काम मिळालं. उलटही होतं. टाटा-एअरबसचा सी-२९५ वाहतूक विमानांचा प्रकल्प २०२२ मध्ये वडोदऱ्याला गेला तेव्हा नागपूरचं नाव घेऊन आपल्याकडं केवढा गदारोळ झाला. कोण चुकलं यावर पक्षांची भांडणं झाली. चार दिवस चॅनेलला विषय मिळाला. विदर्भातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्यानं त्या बातमीवर काय गणित मांडलं असेल, ते कुणी विचारलं नाही.

आता टॉवेलकडं येतो. सोलापुरात बसून याबद्दल लिहायचं आणि टॉवेल सोडायचा, हे शक्य नाही. माझे मेहुणे अक्कलकोट रोडला टेरी टॉवेल काढतात, माल निर्यातदारामार्फत अमेरिकेला जातो. ७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर २५ टक्के कर लावला आणि २७ ऑगस्टपासून रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५. त्या महिन्यात मेहुण्यांचा फोन आला की घोळून-घोळून एकच विषय असायचा. कंटेनर थांबवा, बघू, खरेदीदार सूट मागतोय. पूर्व भागातल्या कारखान्यांत पाळ्या कमी झाल्या. रशियाकडून तेल घ्यायचं का नाही हा दिल्लीचा निर्णय. त्यावर चिडायचं का नाही हा वॉशिंग्टनचा निर्णय. आणि रात्रपाळी बंद झाली ती सोलापुरातल्या विणकराची.

याच काळात, म्हणजे हा ५० टक्के कर लागू असतानाच, सप्टेंबरच्या अखेरीला आणखी ९७ तेजसचा ६२,३७० कोटींचा करार झाला आणि नोव्हेंबरात त्यासाठी ११३ इंजिनांचा करार एचएएलनं त्याच अमेरिकन कंपनीशी केला. मला यात सरकारला टोमणा मारायचा नाही. दुसरा इलाजच नव्हता. विमान एका इंजिनाभोवती घडवलेलं असतं, ते मधेच बदलता येत नाही. पण म्हणूनच त्या पन्नास टक्क्यांच्या बातमीनं मला मेहुण्यांपेक्षा वेगळी धास्ती वाटली होती. ज्या हातानं टॉवेल अडवला, त्याच हातात इंजिनाची चावी आहे.

ही चावी याआधी फिरवली गेली आहे. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली आणि अमेरिकेनं निर्बंध घातले. तेव्हा तेजसच्या उड्डाण नियंत्रण यंत्रणेवर आपले इंजिनिअर अमेरिकेत काम करत होते. त्यांना परत यावं लागलं, उपकरणंही तिकडंच अडकली. आपल्या लोकांनी ते काम इथं पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, एचएफ-२४ मारुत हे आपलं पहिलं जेट लढाऊ विमान कुर्ट टँक या जर्मन इंजिनिअरच्या हाताखाली बंगळूरला घडलं. त्याचा सांगाडा उत्तम होता. त्याला शोभेल असं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. तेजससाठीच्या देशी कावेरी इंजिनाचं काम ऐंशीच्या दशकात सुरू केलं, २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं करावं लागलं. साठ वर्षं आपण एकाच ठिकाणी अडकतो आहोत. याचं कारण बुद्धी कमी पडली, असं मी कधीच म्हणणार नाही. इंजिनाला वीस-पंचवीस वर्षं सलग पैसा लागतो, आणि आपल्याकडं सरकारी पैशाला दर मार्चला वर्ष संपल्याची घंटा ऐकू येते.

मार्चचं सांगतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी होते. त्यातले १ लाख ८० हजार कोटी भांडवली, म्हणजे विमानं-तोफा-जहाजं घ्यायचे, आणि आधुनिकीकरणाच्या पैशातला ७५ टक्के हिस्सा देशी उद्योगांसाठी राखलेला. आकडा ऐकून बाजार खूश होतो. पण त्या वर्षात खर्च झाला नाही तर पैसा परत जातो. पंधराव्या वित्त आयोगानं म्हणूनच न संपणारा वेगळा आधुनिकीकरण निधी असावा अशी शिफारस केली होती. आमच्या पातळीवर याचा अर्थ असा, की जानेवारीत वरून अचानक घाई येते. "काहीही करा, मार्चच्या आत माल द्या." आणि एप्रिल ते जुलै फोन उचलत नाहीत. तीन महिने ओव्हरटाइम, चार महिने मशीनवर कव्हर. या दोन्हींत एकच ऑपरेटर टिकवायचा असतो, आणि त्याला शेजारच्या शेडमधून दोन हजार जास्त मिळत असतात.

कोविडनंतरच्या काळात आमच्याकडं एका कामाचा फोरकास्ट, म्हणजे पुढच्या मागणीचा अंदाज, आला. मोठी संख्या होती, पाच वर्षांचा हिशेब होता. सरकारनं १०१ वस्तूंची आयात थांबवण्याची पहिली यादी ऑगस्ट २०२० मध्ये काढली होती, आधी सरकारची परवानगी न घेता करता येणाऱ्या थेट विदेशी गुंतवणुकीची मर्यादा ४९ वरून ७४ टक्के केली होती, सगळीकडं हवा होती. पुढच्या कंपनीनं सांगितलं, क्षमता दाखवा. आम्ही बँकेकडून कर्ज काढून दुसरं व्हीएमसी घेतलं, एएस ९१०० या विमान उद्योगाच्या दर्जाच्या सर्टिफिकेटची तयारी सुरू केली, पहिले पीस पास करून घेतले. मग वरून एक शब्द आला, होल्ड. मूळ टेंडर मागं घेऊन नव्या अटींसह पुन्हा काढायचं ठरलं होतं. कुणाची फसवणूक नव्हती, कुणी पैसे बुडवले नाहीत, पुढच्या कंपनीचे मॅनेजरही तितकेच हताश होते. पण हप्ता होल्डवर जात नाही. ते मशीन आम्ही स्कूटरच्या पार्टवर चालवून फेडलं. ज्या मशीनवर पाच-दहा मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांतलं, काम करायचं, त्यावर रुपया-दोन रुपये सुटणारा जॉब चालवताना माझ्या सेटरचा चेहरा मला बघवत नसे.

आमच्यापेक्षा हजारपट मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. के-९ वज्र तोफ घ्या. २०१७ मध्ये १०० तोफांची ऑर्डर एल अँड टीला मिळाली. सुरतजवळ हजिऱ्याला खास लाइन उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभरावी तोफ वेळेआधी बाहेर पडली. एवढं चांगलं काम झाल्यावर दुसरी ऑर्डर लगेच यायला हवी होती ना? ती आली डिसेंबर २०२४ मध्ये, पुन्हा १०० ची. मधे जवळजवळ चार वर्षं. एल अँड टीकडं पूल आहेत, मेट्रो आहे, ती ही वर्षं काढू शकते. तिच्यामागचे शेकडो लहान पुरवठादार ती कशी काढतात, हा प्रश्न कुठल्याच ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये मी वाचलेला नाही.

युरोपात काय झालं तेही भाच्याला सांगायला हवं. जर्मनीच्या राइनमेटालचा शेअर युक्रेन युद्धाआधी १०० युरोच्या खाली होता, २०२५ मध्ये १,५०० च्या वर गेला. पण तिथं घोषणेमागं लगेच पैशाची तरतूद आली. हल्ल्यानंतर तीन दिवसांत १०० अब्ज युरोचा वेगळा निधी जाहीर झाला, त्यासाठी राज्यघटनेत बदल केला आणि कारखान्यांना कित्येक वर्षांचे करार मिळाले. दारूगोळा किती लागतो हे युद्धानं दाखवलं म्हणून त्यांना जाग आली, हे दुःखदच. तरी पुरवठादाराला पुढची पाच वर्षं दिसणं म्हणजे काय असतं, ते तिथं बघायला मिळतं.

आपल्याकडं काहीच बदललं नाही असं मी म्हणणार नाही. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजनं नागास्त्र ड्रोन सैन्याला दिले. पुण्याची भारत फोर्ज आणि टाटा यांना मार्च २०२५ मध्ये एटॅग्स या देशी बनावटीच्या ३०७ तोफांचा करार मिळाला. बोफोर्सच्या वादानंतर तीस वर्षं नवी तोफ घ्यायला कुठलंच सरकार धजत नव्हतं, तिथून हा प्रवास आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. बेळगावजवळ हत्तरगीला एकस कंपनीच्या आवारात एअरबस-बोइंगचे भाग बनतात. विजापूरमार्गे गेलं तर ते आपल्यापासून काही फार लांब नाही. म्हणजे पुणे-बंगळूरबाहेरच्या गावात हे होत नाही, असं कुणी सांगू नये.

पैशाचं एक राहिलंच. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत हा कायदा २००६ चा. २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, की वेळेत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. चांगली तरतूद आहे, आमचं येणं त्यानंतर खरोखर सुधारलं. पण ४५ दिवस मोजायचे कधीपासून? माल स्वीकारल्यापासून. आणि संरक्षणाच्या मालात स्वीकारायला आधी तपासणी लागते, तपासणीला इन्स्पेक्टर लागतो आणि इन्स्पेक्टरची तारीख मिळावी लागते. तोवर एरोस्पेस ग्रेडच्या धातूचा महागडा बार, ज्याचे पैसे आम्ही रोख मोजलेले असतात, तयार पार्ट होऊन खोक्यात बसून असतो.

तर भाच्या, शेअर मी घेत नाही कारण माझे पैसे आधीच या धंद्यात आहेत, मशीनच्या रूपात. तुझे शेअर तू ठेव, त्याला माझी ना नाही. फक्त घेताना करार किती कोटींचा हे बघतोस, तसं त्या कंपनीनं मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती नग हवाली केले तेही बघ. आणि तिच्या ताळेबंदात लघुउद्योगांची थकबाकी वेगळी दाखवलेली असते, तो आकडा वाच. त्या आकड्यात आम्ही असतो.

चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या शॉपवाल्यांसाठी शेवटचं. सध्या आपल्याला एखादा पीस मोजून घ्यायला पुण्याला पाठवावा लागतो, कारण चांगलं सीएमएम, म्हणजे अचूक मोजमापाचं यंत्र, आणि तापमान सांभाळलेली खोली एकट्याला परवडत नाही. केंद्राच्या क्लस्टर योजनेत सामाईक सुविधा केंद्राला अनुदान मिळतं. आपण पुरेसे जण एकत्र आलो तर ती खोली इथंच उभी करता येईल, आणि डिफेन्सचं काम होल्डवर असेल तेव्हा गाड्यांच्या कामालाही ती चालेल. मी प्राथमिक हिशेब काढून ठेवला आहे. ज्यांना यात उतरायचं आहे त्यांनी येत्या गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी शॉपवर यावं. येताना आपल्या मोजमापावर वर्षाला किती खर्च होतो तो आकडा घेऊन या.